वजा पन्नास

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात, बाणेरच्या एका छोट्या गेम स्टुडिओत लेव्हल डिझायनर होतो. फोनवर चालणारा गोळीबाराचा गेम होता. कुठलासा वाळवंटी देश, त्यातलं एक गाव, गावचा बाजार, बाजारात दबा धरून बसलेले अतिरेकी आणि त्यांना टिपत पुढे सरकणारा आपला नायक. बाजार मी रचला होता. वरून निरोप आला की बाजार ओकाबोका दिसतोय, माणसं घाला. मी घातली. टोपली घेऊन बसलेली एक बाई, चहाची किटली घेऊन फिरणारा एक पोरगा, ओट्यावर दोन म्हातारे. मग प्रश्न आला, खेळणाऱ्याने यांनाच गोळी घातली तर? मी एक्सेलच्या तक्त्यात एक ओळ वाढवली. शत्रू, अधिक शंभर. नागरिक, वजा पन्नास. आणि जेवायला गेलो.

तिसऱ्या दिवशी टेस्टिंगचा एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "सर, त्या टोपलीवाल्या बाईमागे दोघं लपतात. नेम धरत बसण्यापेक्षा ग्रेनेड टाकला तर तिघंही जातात. दोनशे वजा पन्नास, दीडशे फायद्यात. वेळ वाचल्याचा बोनस वेगळा." त्याच्या बोलण्यात क्रूरपणा औषधालाही नव्हता. त्याला तो बग वाटला होता आणि बग शोधण्याचाच त्याला पगार होता. आम्ही पन्नासाचे पाचशे केले. मग चाचणीला बोलावलेल्या लोकांचा अंगठा चुकून घसरला, की सगळी कमाई पाण्यात जायला लागली आणि ते वैतागून फोन खाली ठेवायला लागले. शेवटी ठरलं, माणसं काढा. दोन दिवसांत बाजार पुन्हा ओकाबोका झाला आणि गेम तसाच बाहेर पडला. पुढचे कित्येक महिने मी दुसऱ्यांचे गेम खेळताना फक्त एवढंच बघत होतो, की यांच्या शहरांतले लोक कुठे गेलेत? चुलीवर भांडं आहे, दोरीवर कपडे वाळतायत, रस्त्यावर कुणा मुलाने टाकून दिल्यासारखी सायकल पडलीय. आणि माणूस म्हणून जो दिसेल त्याच्या हातात बंदूक.

गेल्या पन्नास-साठ वर्षांतली युद्धं बव्हंशी माणसांनी भरलेल्या शहरांत आणि गावांत लढली गेली. त्यांच्यावरचे गेम मात्र रिकाम्या शहरांत खेळले जातात. या विसंगतीतून हे पुस्तक निघालं.

त्या मुलाचा हिशेब मी हसण्यावारी नेला होता. नंतर वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की तोच हिशेब गणवेशातली माणसंही करतात. युद्धाच्या कायद्यात, १९७७च्या जिनिव्हा पुरवणी करारात, असं कलम आहे की लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होता कामा नये. अवाजवी म्हणजे किती, हे कलम सांगत नाही, सांगूही शकत नाही. पण हल्ल्याची यादी घेऊन बसलेल्या कारकुनाला कुठेतरी रेघ मारावीच लागते. २००३च्या इराक युद्धात अमेरिकेने ती तीसवर मारली होती. त्या वेळी पेंटॅगॉनमध्ये लक्ष्यं ठरवण्याच्या कामावर असलेले मार्क गार्लास्को यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की हल्ल्यात तीस किंवा त्याहून जास्त नागरिक मरतील असा अंदाज निघाला, तर मंजुरीसाठी फाइल थेट वर, संरक्षणमंत्र्यांपर्यंत जायची. एकोणतीस असतील तर खालीच निकाल. टोपलीवाल्या बाईचा हिशेब तिथे जास्त शिकलेल्या लोकांनी केला होता, इतकाच फरक.

तेव्हा गेममध्ये हिशेब येतो ही तक्रार नाही. हिशेब युद्धातच आहे. प्रश्न असा, की तो करताना खेळणाऱ्याच्या हाताला काही जाणवतं का, आणि जाणवायचं असेल तर गेम रचणाऱ्याने काय करायचं.

एक गोष्ट या पुस्तकात शोधू नका. गेममुळे मुलं हिंसक होतात का, या वादाला मी हात घातलेला नाही. त्यावर दोन्हीकडून भरपूर लिहून झालंय आणि दर परीक्षेच्या हंगामात आपल्याकडे ते नव्याने उकरलं जातं.

खेळात नीती भरण्याची कल्पना मराठी माणसाला नवी वाटू नये. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर घातला आहे. पटावर सापांना दुर्गुणांची नावं आणि शिड्यांना सद्गुणांची. पण मोक्षपटात सोंगटी जाते ती कवड्या सांगतील तिथे. क्रोधाच्या सापाने गिळलं तरी क्रोध तुम्ही केलेला नसतो, दान तसं पडलेलं असतं. नीती पटावर लिहिलेली आणि खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही. युद्धाचे पट दुसऱ्या घराण्यातले. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ बापलेकांनी घडवलेला क्रीग्सश्पील १८२४मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला गेला. नकाशा, ठोकळे, फासे, आणि कोणत्या अंतरावरून किती माणसं पडतील याचे तक्ते. माझ्या एक्सेलच्या ओळीचा हा खापरपणजोबा. इथे निर्णय सगळे खेळणाऱ्याच्या हातात, पण पटावर नीतीचं नावही नाही. व्हिडिओ गेम जन्माला आला तो या दुसऱ्या घराण्यात, आणि मला वाटतं त्याची ओढ अधूनमधून पहिल्याकडे जात राहिली.

ती कुठे पहिल्यांदा दिसते, असं कोणी विचारलं तर मी १९८० सालच्या 'मिसाइल कमांड'कडे बोट दाखवीन. अटारी कंपनीचा, नाणं टाकून खेळायचा गेम. खाली सहा शहरं, तीन तळ, वरून येणारी क्षेपणास्त्रं. डेव्ह थ्युरर या त्याच्या निर्मात्याचा आग्रह होता, की खेळणाऱ्याने फक्त बचाव करायचा, कुणावर हल्ला करायचा नाही. हे ऐकायला सोज्ज्वळ वाटतं. प्रत्यक्षात काय होतं बघा. तुमच्याकडची क्षेपणास्त्रं मोजकी असतात आणि वरून येणारी वाढत जातात. दहाव्या मिनिटाला तुम्ही, कुणीही न सांगता, ठरवलेलं असतं की डावीकडची दोन शहरं गेली तर जाऊ देत. ती सोडून दिल्याचं कुठे लिहिलं जात नाही. हात आपोआप उजवीकडे वळतो, इतकंच. हा गेम जिंकता येत नाही. शेवटी पडदाभर स्फोट होतो आणि नेहमीच्या 'गेम ओव्हर'ऐवजी नुसतं 'समाप्त' अशा अर्थाचे शब्द येतात. गेम बनवण्याच्या काळात थ्युररला अणुहल्ल्याची स्वप्नं पडून दचकून जाग येत असे, हे त्यानेच सांगितलंय. पाच वर्षांनी क्रिस क्रॉफर्डने 'बॅलन्स ऑफ पॉवर' काढला. त्यात तुमच्या हट्टापायी अणुयुद्ध पेटलंच, तर पडदा काळा होतो आणि चार कोरड्या ओळी उमटतात, की हे तुमच्यामुळे झालं, आणि स्फोटाचं देखणं चित्र तुम्हाला दाखवलं जाणार नाही, कारण अपयशाला बक्षीस नसतं. स्फोट दाखवायचा नाही, हा १९८५ साली एका प्रोग्रामरने घेतलेला निर्णय मला अजूनही भारी वाटतो.

पुढच्या वीस वर्षांत पडद्यावरचे स्फोट देखणे होत गेले. ती कहाणी दुसऱ्या प्रकरणात आहे, इथे तिच्यातला एकच प्रसंग घेतो. २००७च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४' मध्ये एक मिशन आहे. तुम्ही एसी-१३० या तोफा बसवलेल्या विमानात आहात. खालचं जग उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून दिसतं, करडं, आणि माणसं म्हणजे त्यात पळणारे पांढरे ठिपके. कानावर सहकाऱ्यांचे आवाज येतात, क्रिकेटच्या समालोचकाइतके निवांत. चर्चवर गोळा टाकायची परवानगी नाही, टाकलात तर मिशन फसलं. बाकी रान मोकळं. त्याच वर्षी जुलैमध्ये बगदादवर अमेरिकी हेलिकॉप्टरने केलेल्या गोळीबारात रॉयटर्सचे दोन कर्मचारी आणि आणखी काही जण मारले गेले होते. त्या हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण विकिलीक्सने २०१०च्या एप्रिलमध्ये उघड केलं, तेव्हा जगभरच्या गेम खेळणाऱ्यांना ते आधी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. तेच करडेपण, तेच ठिपके, तोच आवाजाचा सूर. गेमवाल्यांनी युद्धाची नक्कल हुबेहूब केली होती आणि त्यांना त्यात दाखवण्यासारखं थरारापलीकडे काही सापडलं नव्हतं.

दुरून मारण्याचा हा प्रश्न आपल्या काळाचा खास. त्यावर मोठ्या कंपन्यांपेक्षा एकट्यादुकट्यांनी जास्त विचार केलेला दिसतो. २०१२चा 'अनमॅन्ड' हा मोलेइंडस्ट्रिया या नावाने काम करणाऱ्या पाओलो पेदेर्चिनीचा छोटा गेम. नायक ड्रोन चालवणारा. सकाळी त्याची दाढी तुम्हाला करावी लागते आणि हात घाईचा झाला तर गाल कापतो. मग गाडी चालवत कामावर. तिथे हजारो मैलांवरच्या एका माणसाकडे बघत बसायचं आणि शेजारच्या सहकारी बाईशी गप्पा मारायच्या. संध्याकाळी घरी मुलाबरोबर, हो, गोळीबाराचाच गेम खेळायचा. दाढी करताना जितकी काळजी घेतली तितकी दिवसभरात पुन्हा कशाचीच घेतली नाही, हे संध्याकाळपर्यंत तुमच्या ध्यानात येतं.

त्याहून छोटा, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं बाळबोध उदाहरण म्हणावा असा, उरुग्वेच्या गोन्सालो फ्रास्काचा २००३चा 'सप्टेंबर १२'. ब्राउझरमध्ये चालायचा. मध्यपूर्वेतल्या एखाद्या गावासारखं गाव, त्यात सामान्य माणसं आणि थोडे बंदूकधारी. तुमच्याकडे एकच गोष्ट, क्षेपणास्त्र. क्लिक केल्यावर ते लगेच पडत नाही, क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात माणसं हललेली असतात. घर पडतं, शेजारचा कोणी मरतो. आजूबाजूची माणसं जमून रडतात. आणि रडणाऱ्यांपैकी काही जण उठताना बंदूकधारी होऊन उठतात. संपला गेम. म्हणजे संपत नाहीच. जितके मारावेत तितके वाढत जातात, आणि काहीच न करता बसलात तर ते हळूहळू कमी होतात. फ्रास्काने त्यात कुठेही भाषण घातलेलं नाही. त्याला जे म्हणायचं होतं ते त्या क्षणभराच्या उशिरात आहे. तो उशीर काढून टाका, क्षेपणास्त्र तत्काळ आणि अचूक पडू द्या, की तोच गेम उलटं बोलायला लागेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, की संवाद नंतर लिहा, आधी तुमच्या गेममध्ये किती सेकंदांचा उशीर आहे ते बघा.

आता दोन मोठे गेम, ज्यांच्यामुळे हे पुस्तक चारशे पानांचं झालं.

पहिला 'स्पेक ऑप्स: द लाइन', २०१२, बर्लिनच्या यागर स्टुडिओचा, वॉल्ट विल्यम्स मुख्य लेखक. वाळूच्या वादळांनी गाडलेल्या दुबईत कॅप्टन वॉकर दोन साथीदारांना घेऊन कर्नल कॉनराडला शोधायला जातो. कर्नलचं नाव कादंबरीकार जोसेफ कॉनराडवरून आलंय, हे वेगळं सांगायला नको. अर्ध्या वाटेवर समोर अमेरिकेचीच तुकडी उभी ठाकते आणि वॉकर उखळी तोफेतून पांढरा फॉस्फरस टाकायचं ठरवतो. पुन्हा तोच करडा पडदा, तेच पांढरे ठिपके. फरक एवढाच, की पडद्याच्या काचेवर वॉकरचा स्वतःचा चेहरा अंधुक दिसत राहतो. शेवटी ठिपक्यांचा एक मोठा पुंजका खंदकासारख्या जागेत दाटीवाटीने उभा असतो. सवयीने तिथेही टाकला जातो. मग तोफ सोडून खाली उतरावं लागतं आणि जे जाळलं त्यातून चालत जावं लागतं. तो पुंजका म्हणजे आसऱ्याला आलेले नागरिक होते.

या प्रसंगावर गेली बारा-तेरा वर्षं भांडण चालू आहे आणि मी कोणत्या बाजूला आहे हे लपवत नाही. फॉस्फरस न टाकण्याची सोय गेमने ठेवलेलीच नाही. बंदुकीने लढू म्हटलं तर शत्रू संपत नाहीत. आणि एकदा टाकला, की उरलेला सगळा गेम तुम्हाला विचारत राहतो, काय केलंस हे? गेमच्या बाजूने असं सांगितलं गेलं, की कंट्रोलर खाली ठेवून खेळणं बंद करणं हा पर्याय होताच की. मला हे पटत नाही. पाहुण्याला जेवायला बसवायचं, ताटात एकच पदार्थ वाढायचा आणि मग हेच का खाल्लंस म्हणून झापायचं, यातला प्रकार झाला. पण ते चालत जाणं मात्र मला मानावंच लागतं. तोवर मी खेळलेल्या युद्धगेमांमध्ये विमानातून टाकलेल्या बॉम्बची जागा पायी जाऊन बघायला कोणी लावलं नव्हतं. (हा गेम आता नव्याने विकत मिळायचा नाही. परवान्यांची मुदत संपली म्हणून २०२४च्या जानेवारीत तो ऑनलाइन दुकानांतून उतरवला गेला. पुस्तक छापून पन्नास वर्षांनी रद्दीवाल्याकडे तरी सापडतं. गेमचं तेवढंही नशीब नसतं.)

दुसरा 'धिस वॉर ऑफ माइन'. वॉर्सॉच्या ११ बिट स्टुडिओजने तो २०१४च्या नोव्हेंबरमध्ये काढला. गेममधलं शहर कल्पित आहे, पण पाठीमागे सारायेवो उभं आहे. ते शहर एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ असं १,४२५ दिवस वेढ्यात होतं. या गेममध्ये तुम्ही सैनिक नाही. एका पडक्या घरात आसरा घेतलेली तीन-चार सामान्य माणसं तुमच्या हवाली केलेली असतात. पावले पूर्वी फुटबॉल खेळायचा, ब्रुनो आचारी, कातिया बातमीदार. सगळं चित्र कोळशाने काढल्यासारखं. बाहेर स्नायपर टपलेले, म्हणून दिवसा घरातच राहायचं, चूल बनवायची, पावसाचं पाणी गाळायचं, खिडक्या-भिंतींची भोकं बुजवायची. रात्री एकाने पिशवी घेऊन जे मिळेल ते शोधायला निघायचं. युद्धविराम कधी होणार हे तुम्हाला ठाऊक नाही.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा नवव्या की दहाव्या दिवशी ब्रुनो तापाने अंथरुणाला खिळला. घरात औषध नाही. पावलेला रात्री जवळच्या एका घरात पाठवलं. नकाशावर त्या घराची खूण शांत होती, म्हणजे धोका नाही. आत एक म्हातारं जोडपं राहत होतं. त्यांनी बंदूक काढली नाही, आरडाओरडा केला नाही. म्हातारा माझ्या मागे मागे या खोलीतून त्या खोलीत येत राहिला, नेऊ नकोस म्हणत. बायको आजारी होती. कपाटाशी उभं राहून बटण धरून ठेवलं की एक गोल भरत जातो आणि कपाट उघडतं. तो गोल भरायला जे दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात बटण सोडता येतं. मी सोडलं नाही. औषध घेतलं, आणि घेतोच आहे तर म्हणून डबाबंद अन्नही घेतलं.

सकाळी ब्रुनोला औषध मिळालं. दोन दिवसांत तो उठून चुलीशी बसला. पावलेच्या नावापुढे मात्र उदास असा शब्द आला होता. तो खाली मान घालून चालायला लागला, जिन्यावर पूर्वी धावायचा तिथे पाय ओढायला लागला. काम सांगितलं की आधी करायचा तितक्या झटपट करेना. पुढे कधीतरी पुन्हा त्या घरात गेलो तर जोडपं उरलं नव्हतं. गेमने मला वाईट म्हटलं नाही. गुण कापले नाहीत, कारण गुण नव्हतेच. लाल अक्षरांत काही लिहून आलं नाही. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही, की चोरी उपयोगी पडली होती. ब्रुनो जिवंत होता.

माझ्या तक्त्यात काय चुकलं होतं ते मला त्या आठवड्यात कळलं. वजा पन्नास हा आकडा कमी नव्हता आणि वजा पाचशे जास्त नव्हता. दोन्ही वेळा मी फायदा आणि किंमत एकाच नाण्यात ठेवली होती. एकाच नाण्यात असलेल्या दोन रकमांची वजाबाकी कोणीही करणार, टेस्टिंगच्या मुलाने ती केली. पोलिश मंडळींनी जमा एका वहीत मांडली आणि नावे दुसऱ्याच वहीत. औषध ब्रुनोच्या खात्यात पडलं, खर्च पावलेच्या पायांत निघाला. या दोन वह्यांची बेरीज करण्याचा कुठलाही दर गेममध्ये दिलेला नाही. तो खेळणाऱ्याला स्वतःच्या पोटातून काढावा लागतो. पाचव्या प्रकरणात मी हा गेम खोलून, त्यातले नियम एकेक बाहेर काढून दाखवले आहेत. पुस्तकातलं ते सगळ्यात लांब प्रकरण आहे आणि संपादकांनी दोनदा कापायला सांगूनही मी कापलेलं नाही.

२०२०मध्ये पोलंड सरकारने हा गेम शाळांच्या शिफारशीच्या वाचनयादीत घेत असल्याचं जाहीर केलं, अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं त्याच दिवशी कंपनीने सांगितलं, की पुढच्या सात दिवसांची या गेमची कमाई युक्रेनच्या रेड क्रॉसला जाईल.

रेड क्रॉसचं नाव निघालं म्हणून थोडं कायद्याविषयी. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती गेल्या काही वर्षांत गेमवाल्यांच्या दारात वारंवार दिसते. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॲक्टिव्हबरोबर काम करून तिने २०१७मध्ये 'आर्मा ३' या गेमला युद्धाच्या कायद्यांवरची पुरवणी जोडायला मदत केली. त्यातला मुख्य माणूस युद्ध संपल्यावर एका गावातले भूसुरुंग काढतोय. आणि त्या एकाच गावाची कथा वेगवेगळ्या लोकांच्या डोळ्यांनी दिसत जाते. २०२३मध्ये समितीने 'फोर्टनाइट'मध्ये नियमांनी खेळा अशी मोहीम काढली. नॉक होऊन खाली पडलेल्याला मारायचं नाही, हल्ला न करणाऱ्या पात्रांवर गोळी चालवायची नाही, लोकांच्या इमारती पाडायच्या नाहीत, आणि औषधपेटी जवळ असेल तर गरजूला द्यायची, मग तो कुणाचाही असो. हे वाचताना आपल्याकडच्या कुणालाही भीष्मपर्वाची सुरुवात आठवावी. पळणाऱ्यावर, निःशस्त्रावर, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर वार नाही, सारथी आणि दुंदुभी वाजवणारे यांना हात लावायचा नाही, असं दोन्ही पक्षांनी कबूल केलं होतं. अठरा दिवसांत त्यातलं काय उरलं, ते आपल्याला माहीतच आहे. व्यासांनी नियम आधी सांगून मग एकेक मोडताना दाखवले, यात मला एक धडा दिसतो. चर्चवर गोळा टाकलात की मिशन फसलं, असं मशीनच म्हणत असेल तर नियम पाळण्यात तुमचं काही कर्तृत्व नाही. नियम मोडता आला पाहिजे, आणि मोडल्यावर गेम चालू राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवशीही सूर्य उगवला पाहिजे.

हे सगळं कुणाच्या डोळ्यांनी बघायचं, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या लष्कराने २००२मध्ये भरतीसाठी स्वतःचाच गेम काढला होता, 'अमेरिकाज आर्मी', फुकट. जोसेफ डिलॅप हा कलावंत २००६पासून त्यात वरचेवर शिरायचा, बंदूक खाली टाकायचा आणि इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं, वय, मृत्यूची तारीख चॅटमध्ये टाइप करत बसायचा. लोक त्याला गोळ्या घालायचे, शिव्या द्यायचे. तो पुन्हा शिरायचा, पुढचं नाव टाइप करायचा. २०११पर्यंत चार हजारांहून जास्त नावं झाली. २०१६मध्ये पॅलेस्टाइनच्या रशीद अबुएदेहने गाझातल्या एका कुटुंबावर 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर' केला, तेव्हा ॲपलने आधी तो गेमच्या वर्गात घ्यायला नकार दिला. ओरड झाल्यावर घेतला. बंदूक हातात असेल तर गेम आणि मुलीचा हात हातात असेल तर बातमी, असा हा न्याय.

आणि आपण? २६ जानेवारी २०२१ला बंगळूरच्या कंपनीचा 'फौजी' गाजत-वाजत आला, गलवानमधल्या भारत-चीन चकमकीच्या पार्श्वभूमीवर. १५ जून २०२०च्या त्या रात्री आपले वीस जवान गेले. गोळी एकही सुटली नाही, कारण प्रत्यक्ष ताबारेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असं भारत-चीनमध्ये १९९६मध्ये ठरलेलं आहे. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या दोन सैन्यांनी करार पाळण्यासाठी दगडांनी आणि दांडक्यांनी एकमेकांना मारावं, यापेक्षा विलक्षण नैतिक पेच एखाद्या गेम डिझायनरला शोधून सापडला नसता. आला तेव्हा गेममध्येही हातघाईच होती, म्हणजे तपशील उचलला होता. पेच उचलला नव्हता. हातातली बंदूक न चालवण्याची किंमत काय, हे विचारणारं बटण त्यात नव्हतं. पुण्यात आज गेम बनवणारी पोरं कमी नाहीत आणि साताऱ्याकडे अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथे पिढ्यान् पिढ्या घरटी कोणीतरी फौजेत जातं. फोनची वाट बघत बसलेल्या घरातला गेम कुणी केला तर पहिला टेस्टर मी.

पुस्तक कसं वाचावं, एवढंच सांगायचं राहिलं. प्रकरणांचा क्रम बदललात तरी बिघडत नाही, फक्त पाचव्याच्या आधी 'धिस वॉर ऑफ माइन' स्वतः खेळा. फोनवर चालतो. रात्री, घरातली झोपल्यावर बसा. आणि त्या जोडप्याच्या घरी पहिल्या-दुसऱ्या रात्री जाऊ नका. घरातलं अन्न संपू द्या, कोणीतरी तापाने फणफणू द्या, मग जा.